जेजुरीच्या भंडाऱ्यानंतर सेन्सरवर डाग: ब्लोअर पुरेल की ओला स्वॅब लागेल?

कऱ्हाकाठ

मंडळी, सोमवती अमावस्येला जेजुरीत काढलेल्या फोटोंत आकाशभर डाग दिसताहेत. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस (आत आरसा नसलेला), सेन्सर हलवून स्टॅबिलायझेशन करणारा. लेन्स २४-१०५ एफ/४ झूम. गडावर लेन्स काढलेलीच नाही, त्यामुळे हे आत गेलं कुठून तेच कळत नाही. एफ/४ ला (ॲपर्चर मोठं उघडलेलं) आकाश स्वच्छ, एफ/८ ला संशय येतो, एफ/१६ ला (ॲपर्चर बारीक) लपवण्यासारखं काही उरत नाही.

डाग एका जातीचे नाहीत. बहुतेक करडे, गोल, मऊ कडांचे. डावीकडे वर तीन-चार असे आहेत की कडा गडद आणि मध्यभाग उजळ. एक केसासारखा वाकडा धागा. आणि खालच्या बाजूला एक लाल ठिपका, तो कुठल्याही ॲपर्चरला तसाच दिसतो. मेनूतलं सेन्सर क्लीनिंग चालवून पाहिलं, फरक नाही.

हाताशी रबरी ब्लोअर, २४ मिलिमीटर रुंदीच्या स्वॅबचं, म्हणजे सेन्सर पुसायच्या काड्यांचं, पाकीट (सोबतच्या लिक्विडवर ‘अल्कोहोल नाही’ असं छापलंय) आणि ९९ टक्के आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बाटली आहे. सर्व्हिस सेंटरला द्यायला हरकत नाही, पण त्याआधी एका लग्नाचं काम आहे. घरी किती करावं आणि कुठे थांबावं? शिवाय जे फोटो काढून झालेत त्यांचं काय?

छिद्रान्वेषी

आयपीएची बाटली आधी कपाटात ठेवा. बाकीचं नंतर बोलू.

भंडारा म्हणजे हळद. हळदीचा पिवळा रंग थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र लगेच उतरतो. सेन्सरवर कोरडे कण असताना आयपीएचा स्वॅब फिरवलात तर त्या कणांचं पिवळं पाणी होईल, काचभर पसरेल आणि स्वॅब जिथे थांबेल तिथे रेघ सोडून सुकेल. म्हणून आधी कोरडं, मग पाण्याच्या लिक्विडने, आणि अल्कोहोल सगळ्यात शेवटी, तेही लागलंच तर.

बाजारातला सगळाच भंडारा शुद्ध हळदीचा असतो असंही नाही. भेसळीच्या पावडरीचा रंग पाण्यातही सुटू शकतो. कॅमेऱ्याच्या बॅगेच्या शिवणीत चिमूटभर नक्की सापडेल. दोन वाट्या घ्या, एकीत किटमधलं लिक्विड चार थेंब, दुसरीत आयपीए चार थेंब. दोन्हींत कणभर भंडारा टाकून पाच मिनिटांनी बघा. लिक्विड रंगलं नाही तर ते बेधडक वापरा. दोन्ही रंगली तर ब्लोअरवर जास्त वेळ घालवायचा आणि ओल्या स्वॅबची घाई करायची नाही.

आता निदान. तुम्ही चार तऱ्हा सांगितल्यात, त्यातले तीनच सेन्सरवरचे आहेत. करडे मऊ डाग म्हणजे सुटी धूळ किंवा भंडारा. गडद कड आणि उजळ मध्य म्हणजे बहुधा थेंब: तेल, सुकलेलं पाणी किंवा चिकट परागकण. थेंब स्वतःच छोट्या भिंगासारखा वागतो, म्हणून मधे उजेड दिसतो. हे ब्लोअरने जात नाहीत, तिथे दम घालवू नका. धागा म्हणजे कापडाचा तंतू, तो बहुधा फुंकरीने जाईल. लाल ठिपका धूळ नाहीच, तो हॉट पिक्सेल, म्हणजे उजेड नसतानाही पेटलेला दिसणारा बिघडलेला पिक्सेल. लेन्सला टोपी लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर द्या, तो काळोखातही चमकेल. मेनूत पिक्सेल मॅपिंग (असे पिक्सेल वगळायची सोय) असेल तर ते चालवा, स्वॅबने त्याला काहीही होणार नाही.

एफ/४ ला गायब आणि एफ/१६ ला हजर हे का, ते कळलं की बाकी बरंच सोपं होतं. धूळ पिक्सेलवर बसत नाही. पिक्सेलच्या पुढे फिल्टरच्या काचांचा थर असतो, फुलफ्रेम मिररलेसमध्ये साधारण २ मिलिमीटरच्या आसपास, आणि धूळ त्या थराच्या पुढच्या पृष्ठावर असते. पिक्सेलवर पडते ती तिची सावली. सावलीची कड किती पसरेल याचा ढोबळ हिशोब असा: थराची जाडी भागिले एफ-क्रमांक. एफ/१६ ला २ भागिले १६, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर. तुमच्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा, म्हणजे वीसेक पिक्सेलचा घट्ट डाग. एफ/४ ला तीच सावली ०.५ मिलिमीटरवर, ऐंशीहून जास्त पिक्सेलवर पसरते आणि इतकी फिकी होते की दिसतच नाही. मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांना (लहान सेन्सरचे कॅमेरे) धुळीचा त्रास कमी वाटतो त्यात धूळ झटकणाऱ्या कंपनापेक्षा या थराच्या जाडीचा वाटा मोठा असावा असं माझं मत. त्यांच्याकडे तो सुमारे ४ मिलिमीटरचा असतो.

यावरून दुसरं एक निदान आपोआप होतं. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ एफ/१६ लाही असा आखीव डाग देत नाही. फार तर कॉन्ट्रास्ट कमी करते, नाहीतर समोरून ऊन आलं की चमकते. डागासाठी पुढची काच घासत बसणारे पुष्कळ.

लेन्स न काढता धूळ आत कशी, तर झूममधून. २४-१०५ सारखी लेन्स लांब करताना नळी बाहेर येते, आतली पोकळी वाढते, आणि ती भरायला हवा फटींतून आत ओढली जाते. आखूड केली की तीच हवा मागून बॉडीत ढकलली जाते. भंडाऱ्याच्या धुरळ्यात दिवसभर झूम आत-बाहेर म्हणजे तुम्ही पिचकारीच चालवत होतात. रबरी सील असलेल्या लेन्समध्ये हे कमी होतं, बंद होत नाही. पुढच्या सोमवतीला प्राइम (झूम नसलेली लेन्स) किंवा ७०-२०० एफ/२.८ सारखी, लांबी न बदलणारी झूम न्या.

आता चाचणी, म्हणजे साफसफाईच्या आधीचं आणि नंतरचं चित्र एकाच मापाने मोजता येईल:

ॲपर्चर प्रायॉरिटी, एफ/१६, आयएसओ १००, एक्स्पोजर अधिक १. फोकस मॅन्युअल करून अनंतावर. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून लेन्स त्यापासून वीतभर अंतरावर धरा. शटर १/१५ किंवा त्याहून हळू येऊ द्या आणि उघडं असताना कॅमेरा गोल-गोल हलवा. पडद्याचे पिक्सेल आणि त्यावरची धूळ पुसट होईल, सेन्सरवरची मात्र जागची हलणार नाही. फोटो संगणकावर १०० टक्क्यांवर बघा, कॉन्ट्रास्ट ताणून. एफ/२२ ला चाचणी घेऊन घाबरून जाणारे बरेच असतात. ज्या ॲपर्चरला तुम्ही कधी फोटोच काढत नाही तिथल्या डागांसाठी काचेला हात लावू नये.

जागा ओळखायची रीत: कॅमेरा सरळ धरून समोरून माउंटमध्ये (लेन्स बसते त्या कडीत) बघा. फोटोत जे वर आहे ते सेन्सरवर खाली असतं, पण डावं-उजवं तसंच राहतं. म्हणजे तुमचे ते कडीवाले डाग समोरून बघताना डावीकडे खालच्या कोपऱ्यात आहेत.

तिपाई

छिद्रान्वेषींनी निदान पुरं केलंय, मी कृती लिहितो.

लेन्स काढण्याआधी बाहेरचं. बॉडी आणि लेन्स कोरड्या मऊ ब्रशने झाडा, मग ब्लोअर. ओलं फडकं अजिबात नको, भंडाऱ्याचा लेप होऊन तो डायलच्या खाचांत आणि माउंटच्या फटीत बसतो. साबणही नको, हळदीला साबण लागला की लाल होतं हे घरोघरी माहीत आहे. रबरी ग्रिपवर तो डाग मग मुक्कामाला राहतो. काच पुसायच्या अमोनियावाल्या स्प्रेचंही तेच, वर तो कोटिंगलाही वाईट. नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अंधारात बाहेरून मारून बघा. हळद पिवळी-हिरवी चमकते, कापडाचे तंतू निळसर. माउंटच्या कडेला, हॉटशूमध्ये आणि झूमच्या कॉलरखाली किती उरलंय ते लगेच कळतं. हे फक्त बाहेरून आणि लेन्स लावलेली असताना.

खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद, फरशी नुकतीच पुसलेली. बॅटरी पूर्ण चार्ज. लोकरीचं किंवा फ्लीसचं काही अंगावर नको, अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट चांगला.

ब्लोअरही तपासा. नव्या रबरी ब्लोअरच्या आत कधीकधी बारीक पावडर असते. आधी दहा-वीस वेळा हवेत दाबून रिकामा करा, मग काळ्या कागदावर फुंकून पाहा. कागदावर पांढरं आलं तर तो ब्लोअर सेन्सरसाठी बाद. नळी ढिली असेल तर फिरवून घट्ट करा. जोरात दाबताना नळी सुटून आत आपटली तर जे नुकसान होतं त्याला क्लीनिंग म्हणत नाहीत.

लेन्स काढण्याआधी मेनूत मॅन्युअल क्लीनिंगचा पर्याय शोधा. काही मिररलेस कॅमेरे बंद करताना शटरचा पडदा सेन्सरपुढे ओढतात. तसा असेल तर पडदा उघडल्याशिवाय फुंकू नका, त्याची पाती कागदासारखी पातळ असतात आणि हवेच्या झोताने वाकतात. पडदा आधी बंद होता तर थोडा भंडारा त्याच्यावरही असणार. मग लेन्स लावूनच पाच-सहा वेळा शटर चालवा आणि त्यानंतर सेन्सर उघडा.

कॅमेरा तोंड खाली करून धरा, ब्लोअर खालून वर. नळीचं टोक माउंटच्या रेषेच्या आत जाऊ द्यायचं नाही. दहा-बारा जोरदार झोत, दर दोन-तीन झोतांनी कोन बदलत. पहिले झोत सेन्सरवर मारू नका, सभोवतालच्या काळ्या चौकटीवर आणि माउंटच्या आतल्या भिंतींवर मारा. नाहीतर सेन्सर साफ होतो आणि पाच मिनिटांनी भिंतीवरची धूळ त्यावर येऊन बसते. शेवटचे झोत सेन्सरवर. लगेच लेन्स लावा; तिची मागची बाजू आणि मागची टोपी आधीच फुंकून ठेवलेली असू द्या.

मग कॅमेऱ्याचं स्वतःचं क्लीनिंग एकदा चालवा, कॅमेरा टेबलावर सरळ उभा ठेवून, म्हणजे झटकलेली धूळ खाली पडेल. दहा वेळा चालवून दहापट फायदा होत नाही. पहिल्या-दुसऱ्या वेळी जे सुटत नाही ते चिकटलेलं असतं.

तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे थेंब उडतातच. डब्यातल्या दाबाच्या हवेचंही नाव नको. डबा जरा तिरका झाला की आतला द्रव थेट काचेवर येतो आणि सुकल्यावर जो पांढरा थर राहतो तो धुळीपेक्षा हट्टी.

आता चाचणीचा फोटो घ्या. करडे डाग बरेच गेलेले असतील. कडीवाल्या थेंबांसाठी ओला स्वॅब:

तुमच्या सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, म्हणून २४ चा स्वॅब एका फटकाऱ्यात सगळं व्यापतो. एपीएस-सीवाल्यांनी (फुलफ्रेमहून लहान सेन्सर) १६ चा घ्यावा; २४ चा त्यांच्या चौकटीला घासतो आणि चौकटीवरचं ग्रीस काचेवर आणतो. स्वॅबच्या टोकाच्या कडेला लिक्विडचे दोन थेंब, रुंदीवर पसरतील असे. दहा सेकंद थांबा. टोक ओलसर हवं, ठिबकणारं नको. बोटाच्या नखावर टेकवलं तर नख दमट व्हावं, थेंब राहू नये. थेंब थेट सेन्सरवर कधीही टाकायचा नाही, तो काचेच्या कडेने आत उतरतो.

कॅमेरा पाठीवर, तोंड वर. सेन्सरच्या एका उभ्या कडेला स्वॅब टेकवा, जायच्या दिशेकडे थोडा झुकवून. दाब इतकाच की टोक किंचित वाकावं. एका सलग हाताने दोन-तीन सेकंदांत दुसऱ्या कडेपर्यंत, मधे न थांबता. तिथे स्वॅब उलटा करून कोऱ्या बाजूने परत. संपला. तो स्वॅब आता कितीही स्वच्छ दिसो, केराच्या डब्यात. स्वॅबने पुढे-मागे घासणं म्हणजे उचललेला कण काचेवर पॉलिश पेपरसारखा फिरवणं.

तुमचा सेन्सर स्टॅबिलायझेशनचा आहे, तो हाताखाली जरा हलेल. घाबरू नका आणि त्याला धरायलाही जाऊ नका. सरकतोय म्हणून दाब वाढवण्याऐवजी दाब कमी करा.

पाण्यावर आधारित लिक्विड मिथेनॉल किंवा आयपीएइतकं झटकन उडत नाही. अर्धा मिनिट बघा. सुकताना ओघळ दिसला तर लगेच कोरडा नवा स्वॅब, तसाच एक फटकारा.

रंकाळा

जोतिबाच्या गुलालाला हेच सगळं लागू का? चैत्री पौर्णिमेला दरवर्षी हा प्रश्न असतो.

छिद्रान्वेषी

क्रम तोच, खबरदारी जास्त. गुलालाचा रंग साध्या घामानेही सुटतो, म्हणजे पाण्याच्या लिक्विडची जी सवलत हळदीला मिळते ती गुलालाला नाही. ब्लोअरने जितकं निघेल तितकं काढून मगच ओलं. आणि एका जागी बराच गुलाल असेल तर सर्व्हिस सेंटर.

काळी काच

वरचं बहुतेक पटलं, दोन गोष्टींत भर आणि एका गोष्टीत मतभेद.

मतभेद असा की एकेकट्या, चिकटून बसलेल्या एक-दोन कणांसाठी ओल्या स्वॅबऐवजी जेल स्टिक बरी. काडीच्या टोकाला चिकट जेल असतं. कणावर अलगद टेकवायचं, सरळ उचलायचं, लगेच सोबतच्या चिकट कागदावर दाबून जेल साफ करायचं, मग पुढचा कण. काचभर काही फिरत नाही, त्यामुळे ओरखड्याचा आणि रेघेचा धोका नाही. घासायचं नाही, फिरवायचं नाही, फक्त टेकवून उचलायचं. मात्र जेल बघून घ्या. आयलीडने सोनीच्या सेन्सरसाठी वेगळी निळी स्टिक काढली, कारण नेहमीच्या नारिंगी स्टिकचा चिकटा त्या कोटिंगवर राहत असे. बेनामी स्वस्त स्टिकबद्दल ही माहिती कोणी देत नाही, म्हणून त्या घेऊ नयेत.

पण भंडाऱ्यात ही स्टिक पहिलं हत्यार नाही. कण शेकड्यांनी असतील तर दर टेकवण्याला जेल भरून जातं आणि पुढच्या वेळी तुम्ही हळद उचलत नाही, छापता. तेलाच्या थेंबावर तर मुळीच नको, जेल तेलकट झालं की काडी फुकट.

पहिली भर ब्रशबद्दल, कारण दुकानात हटकून तो पुढे करतात. कोरडा ब्रश फक्त कोरड्या धुळीसाठी. तुमच्याकडे थेंबही आहेत. ब्रशचा एक केस थेंबाला लागला की पुढच्या प्रत्येक फटकाऱ्यात तेलाची रेघ. शिवाय ब्रश धुवून ठेवणारे फार थोडे.

दुसरी भर डीएसएलआरवाल्यांसाठी (आत आरसा असलेले कॅमेरे), कारण हा धागा तेही वाचतील. थेंब वारंवार एकाच कोपऱ्यात येत असतील तर ते बाहेरून आलेले नसतात, शटरच्या यंत्रणेतलं वंगण असतं. गाजलेलं उदाहरण निकॉन डी ६०० चं. २०१२ साली आलेल्या त्या कॅमेऱ्यात फोटोच्या वरच्या डाव्या भागात ठिपके साचत. २०१३ मध्ये नवं शटर घेऊन डी ६१० आला आणि २०१४ मध्ये निकॉनने डी ६०० ची तपासणी आणि शटर बदल विनामूल्य करायचं जाहीर केलं. अशा कॅमेऱ्यात घरी कितीही पुसलं तरी शटर थेंब उडवतच राहतं. डीएसएलआरमध्ये आरसा वर अडकवायचा तो मेनूतूनच. बल्ब एक्स्पोजर देऊन बोटाने बटण दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने स्वॅब फिरवायचा, हा प्रकार कृपया करू नका. बोट सुटलं की शटर स्वॅबवर बंद होतं. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे ठिपके फोटोत येत नसतील तर ते फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे आरशाच्या वरच्या पडद्यावर, आहेत. तिला तर ब्लोअरपलीकडे हातच लावू नये, ती प्लास्टिकची असते आणि लगेच चरे पडतात.

आयपीएबद्दल: ९९ टक्केच. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं किंवा सर्जिकल स्पिरिट नको. त्यात पाणी आणि इतर काही असतं, सुकल्यावर गोल कडा राहतात आणि माणूस समजतो की नवीन धूळ आली. बाटली उघडी राहिली तर आयपीए हवेतली ओल ओढून घेतं, कोकणात पावसाळ्यात तर फारच. जुनी अर्धी बाटली असेल तर आधी स्वच्छ लेन्स फिल्टरवर थेंबभर पुसून सुकू द्या. डाग राहिला नाही तरच सेन्सरकडे वळा.

चौकट

काढून झालेल्या फोटोंबद्दल कोणी बोललं नाही, ते मी घेतो.

सर्वात आधी, सेन्सर साफ करण्यापूर्वी संदर्भाचा फोटो काढून ठेवा. निकॉनमध्ये ‘इमेज डस्ट ऑफ’ म्हणून सोय असते (कॅननचा ‘डस्ट डिलीट डेटा’ तो घेतल्यानंतर काढलेल्या फोटोंनाच जोडला जातो, आधीच्यांना नाही). पांढऱ्या पृष्ठाचा फोटो घेऊन कॅमेरा डागांचा नकाशा तयार करतो आणि निकॉनचं संगणकावरचं सॉफ्टवेअर तो वापरून डाग काढतं. नकाशा साफसफाईनंतर काढलात तर जेजुरीच्या फोटोंना त्याचा उपयोग शून्य. इतर सॉफ्टवेअर हा नकाशा वाचत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) हीलिंगच्या हत्यारात डाग ठळक करून दाखवायचा पर्याय आहे. चित्र काळं-पांढरं होतं, कड्यांसकट सगळं उठून दिसतं. एफ/१६ चा सगळ्यात मोकळ्या आकाशाचा एक फोटो घ्या, त्यावर सगळे डाग हीलने काढा (क्लोनने नाही, तो शेजारचा तुकडा जसाच्या तसा चिकटवतो; आकाशाचा रंग कडेकडे बदलत जातो आणि क्लोनचे गोल दिसतात), मग तेवढीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंवर सिंक करा. फुकट हवं असेल तर डार्कटेबलमध्ये रीटच मॉड्यूल आहे, त्याचीही नक्कल बाकी फोटोंवर चिकटवता येते.

सिंक झाल्यावर प्रत्येक फोटो नजरेखालून घाला. जिथे आकाशाऐवजी दीपमाळेची कड किंवा उधळलेला भंडारा आलाय तिथे सॉफ्टवेअर भलतीकडचा तुकडा आणून चिकटवतं. भंडाऱ्याच्या ढगात तर डाग दिसतही नाहीत. तिथली दुरुस्ती सरळ काढून टाका. उभे फोटो वेगळे सिंक करा. आणि झूम २४ वर असताना काढलेल्या फोटोवरची दुरुस्ती १०५ च्या फोटोवर कोपऱ्यांत किंचित सरकलेली वाटेल. प्रकाश कोपऱ्यात वेगळ्या तिरपेपणाने येतो, त्यामुळे सावलीही सरकते. तेवढ्यासाठी दुरुस्तीचे गोल थोडे मोठे ठेवा.

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे आभार. प्रगती सांगतो.

वाटीची परीक्षा केली: किटचं लिक्विड जेमतेम पिवळसर, आयपीए गर्द पिवळं. संदर्भाचा फोटो आधी काढून ठेवला. ब्लोअरने धागा गेला आणि करडे डागही बहुतेक गेले. कडीवाले थेंब राहिले म्हणून किटच्या लिक्विडने एक स्वॅब फिरवला. थेंब गेले, पण आता चाचणीच्या फोटोत अगदी उजव्या कडेला एक फिकट उभी रेघ आहे, जरा वाकलेली. एफ/११ ला पुसट, एफ/१६ ला स्पष्ट. शिवाय आकाशाच्या भागात एक-दोन बारीक करडे ठिपके नव्याने आलेत, आधी तिथे नव्हते. आता आयपीए लावू का?

तिपाई

ती रेघ म्हणजे स्वॅबचा फटकारा जिथे संपला तिथे साचलेलं लिक्विड. एकतर थेंब जास्त पडले किंवा कडेला पोचण्याआधी स्वॅब उचलला गेला. दाब शेवटी कमी होतो, हे सगळ्यांचंच होतं. वाकलेली आहे म्हणजे स्वॅब तिथे तिरका झाला होता.

नवा स्वॅब, या वेळी एकच थेंब, पंधरा सेकंद मुरू द्या. समोरून बघताना रेघ उजवीकडेच आहे, म्हणून सुरुवात उजव्या कडेपासून करा, म्हणजे रेघ पहिल्या ओलाव्यात भिजून निघेल आणि शेवट दुसऱ्या बाजूला होईल. शेवटी स्वॅब उचलू नका, हळूहळू उभा करत कडेशी आणून थांबवा, मग सोडा. चौकटीवर चढू देऊ नका. लगेच मागोमाग कोरडा स्वॅब, त्याच दिशेने.

आयपीए अजून नको. पिवळे कण आता फार उरले नसतील, पण काचेच्या कडेच्या खाचेत नक्की असतील आणि स्वॅबचं टोक तिथे लागतंच. रेघ दोन पाण्याच्या स्वॅबनंतरही हलली नाही, तरच ९९ टक्केवाल्याचा एक थेंब.

छिद्रान्वेषी

नवे ठिपके कुठून आले त्याचं उत्तर: सेन्सरभोवतीच्या पोकळीतून. स्वॅबच्या हालचालीने आणि कॅमेरा पाठीवर ठेवल्याने भिंतीवरची धूळ खाली आली. त्यांना स्वॅब नको, कॅमेरा तोंड खाली करून ब्लोअर पुरेल. आणि स्वॅब फिरवताना कॅमेरा जितका कमी वेळ तोंड वर करून राहील तितकं बरं. स्वॅब ओला करून मुरत ठेवा, तोवर बॉडी कॅप लावलेली, मग कॅप काढून काम.

एफ/११ ला आकाश स्वच्छ झालं की थांबा. लग्नात तुम्ही एफ/२.८ ते एफ/५.६ च्या पलीकडे फारसे जाणार नाही, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर एफ/१६ ला डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) चित्र तसंही मऊ पडायला लागतं. राहिलेले दोन-तीन ठिपके हीलने निघतील.

मागच्या टोप्या आणि बॉडी कॅप मात्र आज साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. त्यांवर साबण चालतो, लाल झाल्या तरी बिघडत नाही. झटकून रात्रभर पूर्ण वाळू द्या, त्यांच्या आतल्या खाचेत पाणी राहतं. बॅग उलटी करून गॅलरीत झाडा, मग अस्तरावरून व्हॅक्यूम क्लिनर फिरवा. २४-१०५ लग्नाआधी घरीच पंधरा-वीस वेळा लांब-आखूड करा, बॉडीला न लावता, मागची बाजू खाली धरून, आणि दर चार-पाच वेळांनी मागून ब्लोअर मारा. नळीत जो भंडारा अडकलाय तो आत्ता बाहेर पडला तर बरा. त्यानंतर लेन्स लावून एक चाचणीचा फोटो, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आणखी एक.